आपत्ती, आपत्तिपट आणि आस्वादाचे अंतर : हरिकेन कॅटरिनानंतरच्या एका प्रक्षेपणाच्या निमित्ताने

१. प्रास्ताविक

एखाद्या प्रदेशावर खरोखरीची नैसर्गिक आपत्ती कोसळल्यानंतर थोड्याच अवधीत तशाच आपत्तीचे मनोरंजनपर चित्रण त्याच समाजापुढे सादर करणे असंवेदनशील ठरते काय, हा प्रश्न वरकरणी वृत्तपत्रीय चर्चेचा वाटतो. चित्रपट मागे घ्यावा की दाखवावा, सहा आठवडे थांबावे की सहा महिने, अशा व्यावहारिक पातळीवरच त्याची बहुधा वासलात लावली जाते. परंतु किंचित खोलात गेल्यास असे दिसते की, या प्रश्नाच्या मुळाशी साहित्यशास्त्रातील एक जुना व मूलभूत प्रश्न आहे. लौकिक जीवनातील भय आणि शोक कलाकृतीत आस्वाद्य होतात, ते कोणत्या अटींवर? आणि त्या अटी ज्या प्रेक्षकाच्या बाबतीत पूर्ण होऊच शकत नाहीत, त्या प्रेक्षकाशी कलाकृतीचे, अथवा ती सादर करणाऱ्याचे, नाते कोणते?

प्रस्तुत लेखात २००५ साली अमेरिकेत घडलेला एक प्रसंग समोर ठेवून या प्रश्नाचा विचार केला आहे. भारतीय रसचर्चेतील ‘रसविघ्न’ ही संकल्पना आणि पाश्चात्त्य सौंदर्यशास्त्रातील ‘मानसिक अंतर’ ही संकल्पना यांचा विवेचनासाठी आधार घेतला आहे. आपत्तिपट हा चित्रपटाचा एक लोकप्रिय प्रकार असून त्याचे कलामूल्य ठरविणे हा येथील हेतू नाही. त्याच्या सादरीकरणाचे औचित्य तपासणे एवढीच या लेखाची मर्यादा आहे.

२. प्रसंग : २००५ चे वादळी वर्ष

२९ ऑगस्ट २००५ रोजी ‘कॅटरिना’ हे चक्रीवादळ अमेरिकेच्या लुइझियाना राज्याच्या किनाऱ्यावर आदळले. न्यू ऑर्लिन्स शहराच्या रक्षणासाठी बांधलेल्या पूरभिंती अनेक ठिकाणी फुटल्या आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. मृतांची संख्या दीर्घकाळ १,८३३ अशी सांगितली जात असे. अमेरिकेच्या राष्ट्रीय चक्रीवादळ केंद्राने २०२३ मध्ये ती सुधारून १,३९२ अशी नोंदविली. दहा लाखांहून अधिक माणसे विस्थापित झाली. सुपरडोम या क्रीडागारात आश्रयाला गेलेल्या हजारो लोकांचे हाल साऱ्या जगाने दूरचित्रवाणीवर पाहिले. मदतकार्यातील दिरंगाईबद्दल संघराज्याच्या आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेवर, म्हणजे ‘फेमा’वर, कठोर टीका झाली आणि तिचे प्रमुख मायकेल ब्राऊन यांनी १२ सप्टेंबर रोजी राजीनामा दिला.

त्या वर्षीचा वादळांचा हंगाम एवढ्यावर थांबला नाही. २४ सप्टेंबरला ‘रीटा’ टेक्सस व लुइझियाना यांच्या सीमेवर येऊन धडकले, २४ ऑक्टोबरला ‘विल्मा’ फ्लोरिडावर आले. वादळांना देण्यासाठी तयार केलेली नावांची यादी अपुरी पडून ग्रीक वर्णमालेतील अक्षरे वापरण्याची वेळ आली.

अशा स्थितीत ६ आणि १३ नोव्हेंबर २००५ रोजी सीबीएस या राष्ट्रीय वाहिनीने ‘कॅटेगरी ७ : द एंड ऑफ द वर्ल्ड’ हा दोन भागांचा दूरचित्रपट प्रक्षेपित केला. आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात दाखविलेल्या ‘कॅटेगरी ६ : डे ऑफ डिस्ट्रक्शन’चा हा उत्तरार्ध होता. चक्रीवादळांची तीव्रता मोजण्याच्या सॅफिर-सिम्पसन श्रेणीत एकंदर पाचच पायऱ्या आहेत. सहावी व सातवी ही पटकथाकाराची भर. वास्तवाला पुरून उरणारे काहीतरी दाखवावयाचे आहे, ही प्रतिज्ञा शीर्षकातच होती. या चित्रपटाचे एक मध्यवर्ती पात्र फेमाची नवनियुक्त प्रमुख स्त्री आहे, हा योगायोग विशेष लक्षणीय म्हणावा लागेल. ज्या यंत्रणेच्या वास्तव प्रमुखाने दोन महिन्यांपूर्वी पद सोडले होते, त्याच यंत्रणेची कल्पित प्रमुख आता पडद्यावर महावादळाशी झुंजत होती.

हा चित्रपट नोव्हेंबरातच का दाखविला गेला, याचे उत्तर अमेरिकन दूरचित्रवाणीच्या अर्थकारणात आहे. त्या काळी वर्षातील चार महिन्यांत, म्हणजे फेब्रुवारी, मे, जुलै आणि नोव्हेंबर या महिन्यांत, स्थानिक केंद्रांच्या प्रेक्षकसंख्येची विशेष मोजणी होत असे आणि तिच्यावर जाहिरातींचे दर ठरत. त्यामुळे सर्वांत भव्य व उत्कंठावर्धक कार्यक्रम या महिन्यांसाठी राखून ठेवण्याची प्रथा होती. चक्रीवादळांचा हंगाम मात्र १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत चालतो. बाजाराचे पंचांग आणि निसर्गाचे पंचांग यांचा असा छेद झाला, आणि बाजाराने आपला मुहूर्त बदलला नाही.

त्याच सुमारास एबीसी वाहिनीच्या ‘इन्व्हेजन’ या मालिकेचा प्रारंभ २१ सप्टेंबर २००५ रोजी झाला. तिच्या कथेची सुरुवातच फ्लोरिडातील एका चक्रीवादळाने होते. कॅटरिनाला तीन आठवडेच झाले असल्याने या मालिकेच्या प्रारंभी प्रेक्षकांना सावध करणारी सूचना दाखविण्यात आली. प्रक्षेपण झाले, पण त्याला एक छोटीशी प्रस्तावना जोडली गेली. या प्रस्तावनेचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

३. प्रश्नाची प्राचीनता

ताज्या जखमेवर कलेने बोट ठेवावे काय, हा वाद नाट्यकलेइतकाच जुना आहे. इ. स. पूर्व ४९४ मध्ये इराणी सैन्याने मिलेटस हे आयोनियन ग्रीकांचे समृद्ध नगर उद्ध्वस्त केले. त्यानंतर लवकरच फ्रिनिकस या नाटककाराने या घटनेवर शोकनाट्य रचून ते अथेन्समध्ये सादर केले. हिरोडोटस सांगतो की, सारे प्रेक्षागृह रडू लागले. अथेन्सच्या नागरिकांनी नाटककाराला एक हजार द्राख्मांचा दंड केला आणि ते नाटक पुन्हा कोणीही करू नये असे फर्मावले. स्वकीयांच्या संकटाची आठवण करून दिली, हा त्याचा अपराध. यानंतर सुमारे दोन दशकांनी, इ. स. पूर्व ४७२ मध्ये, एस्किलसने ‘पर्शियन्स’ हे नाटक सादर केले. तेही नजीकच्या इतिहासावर, आठ वर्षांपूर्वीच्या सालामिसच्या लढाईवर, आधारलेले होते. त्यातील शोक मात्र शत्रूचा होता, आणि त्या नाटकाला दंड नव्हे तर पारितोषिक मिळाले.

या दोन उदाहरणांवरून एक गोष्ट उघड होते. घटना किती जुनी आहे याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, दुःख कोणाचे आहे हे निर्णायक ठरते. अथेन्सने आयोनियन बंडाला आरंभी वीस जहाजांची मदत पाठविली होती व नंतर हात आखडता घेतला होता, हेही येथे विसरता येत नाही. प्रेक्षकांच्या अश्रूंत अपराधाची जाणीव मिसळली असावी, असा अर्थ काही अभ्यासकांनी लावला आहे. तो मान्य केल्यास दंडाचा हेतू केवळ शोकार्तांना जपण्याचा होता असे म्हणता येत नाही. जबाबदारीची आठवण टाळण्यासाठीही समाज कलाकृतीला ‘असंवेदनशील’ म्हणू शकतो. ही शक्यता संवेदनशीलतेच्या नावाखाली होणाऱ्या प्रत्येक बंदीच्या संदर्भात ध्यानात ठेवावयास हवी.

भरताच्या नाट्यशास्त्रातील पहिल्या अध्यायातील आख्यायिका याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखविते. इंद्रध्वजाच्या उत्सवात जो पहिला प्रयोग झाला, त्याचा विषय देवांनी दैत्यांवर मिळविलेला विजय हा होता. प्रेक्षकांत दैत्यही उपस्थित होते. आपला पराभव खेळाचा विषय झालेला पाहून ते क्षुब्ध झाले आणि विघ्नांच्या साहाय्याने त्यांनी नटांची वाणी, गती व स्मृती स्तंभित केली. इंद्राने ध्वजदंडाने, म्हणजे ‘जर्जरा’ने, त्यांना झोडपले, परंतु आख्यायिका तेथे संपत नाही. ब्रह्मदेव सामोपचाराने दैत्यांची समजूत घालतो आणि नाट्य हे केवळ तुमचे किंवा देवांचे नसून त्रैलोक्यातील भावांचे अनुकीर्तन आहे, असे सांगतो. दुःखाने, श्रमाने व शोकाने पीडित झालेल्यांना नाट्य विश्रांती देईल, असेही तो म्हणतो.

या कथेतील दोन तपशील महत्त्वाचे आहेत. पहिला असा की, ज्यांची हानी रंगमंचावर दाखविली जाते त्यांचा क्षोभ ग्रंथकाराने हास्यास्पद ठरविलेला नाही. त्याला उत्तर देणे नाट्यनिर्मात्याचे कर्तव्य मानले आहे. दुसरा असा की, ते उत्तर प्रयोग रद्द करण्याचे नाही. नाट्याने शोकार्तालाही काही द्यावयाचे आहे, अशी जबाबदारी त्या उत्तरात नाट्यावर टाकली आहे. फ्रिनिकसच्या कथेत समाज कलावंताला शिक्षा करतो, भरताच्या कथेत कलेचा प्रवर्तक दुखावलेल्या प्रेक्षकाशी बोलतो. संवेदनशीलतेचे हे दोन भिन्न नमुने आहेत.

४. आस्वादाची अट : रसविघ्ने आणि मानसिक अंतर

लौकिक शोक दुःखद असतो, पण करुण रस आस्वाद्य होतो. या भेदाचे स्पष्टीकरण भट्टनायकाने साधारणीकरणाच्या कल्पनेने केले. काव्यनाट्यातील भाव ‘माझा’, ‘तुझा’, ‘त्याचा’ या संबंधांपासून सुटतो, म्हणून त्याचा भोग शक्य होतो. अभिनवगुप्ताने ही भूमिका पुढे नेताना आस्वादाच्या आड येणाऱ्या सात विघ्नांची चर्चा केली आहे. त्यांपैकी दोन विघ्ने प्रस्तुत विषयाशी थेट संबंधित आहेत. एक, आपल्या अथवा दुसऱ्याच्या विशिष्ट देशकालात भाव अडकून पडणे. दोन, ‘निजसुखादिविवशीभाव’, म्हणजे प्रेक्षकाने स्वतःच्याच सुखदुःखाने इतके व्यापलेले असणे की अन्य वस्तूवर त्याचे चित्त स्थिरच होऊ नये.

नोव्हेंबर २००५ मध्ये ह्यूस्टनमधल्या भाड्याच्या खोलीत बसलेला न्यू ऑर्लिन्सचा विस्थापित रहिवासी हा या दोन्ही विघ्नांचे मूर्तिमंत उदाहरण म्हणता येईल. पडद्यावरील पाणी त्याच्यासाठी साधारणीकृत पाणी होऊ शकत नाही. ते त्याच्या गल्लीतले, त्याच्या घराच्या छपरापर्यंत चढलेले पाणी असते. तेथे भयानक रसाची निष्पत्ती होत नाही, भयच पुन्हा उत्पन्न होते.

एडवर्ड बुलो याने १९१२ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात मांडलेली मानसिक अंतराची संकल्पना याच अनुभवाकडे दुसऱ्या दिशेने येते. पत्नीविषयी संशयग्रस्त झालेला पती ‘ऑथेल्लो’ पाहावयास गेला, तर नाटक त्याच्या जीवनाशी जितके जुळेल तितके त्याला ते नाटक म्हणून पाहणे कठीण होईल, असे बुलोचे उदाहरण आहे. कलाकृती व प्रेक्षक यांतील अंतर शक्य तेवढे कमी असावे, पण नाहीसे होऊ नये, असा त्याचा सिद्धान्त आहे. मराठी समीक्षेत न. चिं. केळकरांनी मांडलेली ‘सविकल्प समाधी’ची कल्पनाही येथे स्मरते. दुसऱ्याच्या भूमिकेशी तादात्म्य पावत असतानाच आपलेपणाची जाणीव शिल्लक राहणे, ही केळकरांच्या मते वाङ्मयानंदाची अट आहे. आपद्ग्रस्ताच्या बाबतीत ही अटच कोलमडते. ज्या ‘दुसऱ्या’शी तादात्म्य पावावयाचे, तो दुसरा तो स्वतःच असतो.

या विघ्नांवर अभिनवगुप्ताने उपायही सुचविले आहेत. देशकालाचा आवेश दूर करण्यासाठी पूर्वरंग, प्रस्तावना आणि नटाची वेषभूषा आहे. स्वतःच्या सुखदुःखात बुडालेल्या प्रेक्षकाचे मन मोकळे करण्यासाठी गीत-वाद्य, मंडपाची शोभा इत्यादी साधने आहेत. हे सर्व उपाय एकाच प्रकारचे आहेत. ‘हे नाट्य आहे’ अशी चौकट उभारून प्रेक्षकाला लौकिकातून हळूहळू आत आणणे, हे त्यांचे कार्य. आता दूरचित्रवाणीवरील आपत्तिपटाची स्थिती पाहावी. तेथे पूर्वरंग नाही. ज्या पडद्यावर आताच बुडालेल्या वस्तीची हेलिकॉप्टरमधून घेतलेली दृश्ये दिसली, त्याच पडद्यावर, त्याच कोनातून घेतलेली कल्पित वस्ती बुडू लागते. शिवाय आपत्तिपटाचे एक रूढ तंत्र असे की, खोट्या बातमीपत्रांचे तुकडे कथेत पेरून वास्तवाचा आभास वाढवावयाचा. म्हणजे चौकट पक्की करण्याऐवजी ती पुसण्याकडेच या प्रकाराचा कल असतो. जे विघ्न दूर करावयाचे, तेच येथे परिणामाचे साधन होते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. रसविघ्न ही आस्वादातील अडचण आहे. ती नैतिक दोष नव्हे. एखाद्या प्रेक्षकाला एखादी कृती आस्वादता येत नाही, एवढ्यावरून ती सादर करणारा असंवेदनशील ठरत नाही. विघ्न ठाऊक असताना, ते टाळणे शक्य असताना, ते नसल्याप्रमाणे वागणे यात असंवेदनशीलता आहे. क्षेमेंद्राच्या औचित्यविचारात काळाच्या औचित्याचा समावेश आहे, परंतु ते काव्यांतर्गत औचित्य आहे. प्रस्तुत प्रश्न सादरीकरणाच्या औचित्याचा आहे आणि त्याचा भार रचनाकाराइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, प्रक्षेपण करणाऱ्यावर पडतो.

५. दोन प्रेक्षक

आपत्तीनंतरचा प्रेक्षकवर्ग एकजिनसी नसतो. एक प्रेक्षक आपद्ग्रस्त असतो, त्याच्या बाबतीत अंतर नाहीसे होते. दुसरा दूरस्थ असतो. त्याचे घर कोरडे आहे, त्याने आपत्ती केवळ बातम्यांत पाहिली आहे. याच्या बाबतीत धोका उलट दिशेचा आहे. बातम्यांतील दृश्ये आणि चित्रपटातील दृश्ये एकाच पडद्यावर, एकापाठोपाठ, एकाच गतीने येऊ लागली म्हणजे वास्तव आपत्तीलाही कल्पिताचे अंतर प्राप्त होते. जी माणसे मदतीची वाट पाहत छपरावर उभी होती, ती एका दृश्यमालिकेतील पात्रे होऊन बसतात. एकाचा शोक आस्वाद्य होत नाही आणि दुसऱ्याची करुणा आस्वादातच विरून जाते.

यांतील पहिल्या दोषाची चर्चा नेहमी होते, दुसऱ्याची क्वचित. वस्तुतः सामाजिक दृष्ट्या दुसरा अधिक गंभीर मानावयास हवा. आपद्ग्रस्त प्रेक्षक निदान दूरचित्रवाणी बंद करू शकतो. दूरस्थ प्रेक्षकाच्या जाणिवेत झालेला बदल मात्र त्याच्याच लक्षात येत नाही, आणि पुनर्वसनाचे निर्णय ज्यांच्या मतावर अवलंबून असतात, त्यांत बहुसंख्य हेच दूरस्थ असतात.

आपद्ग्रस्त दूरचित्रवाणी बंद करू शकतो, या विधानालाही मर्यादा आहे. चित्रपटगृहात जाणारा तिकीट काढतो, म्हणजे निवड करतो. दूरचित्रवाणी घरात येते; आणि चित्रपट नाही पाहिला तरी त्याची जाहिरात भलत्याच कार्यक्रमाच्या मध्यंतरात येऊन आदळते. भीषणतम दृश्ये निवडून, संदर्भ काढून टाकून, तीस सेकंदांत भरलेली ही जाहिरात पूर्वरंगाच्या नेमकी उलट वस्तू आहे. संवेदनशीलतेच्या दृष्टीने मूळ चित्रपटापेक्षा तिचाच विचार आधी व्हावयास हवा.

६. काळाचा निकष

रूढ उपाय म्हणजे प्रक्षेपण पुढे ढकलणे. त्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. एप्रिल २०११ च्या अखेरीस अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत झालेल्या विनाशकारी टोर्नेडोंनंतर फॉक्स वाहिनीने तीन व्यंगचित्र-मालिकांचे चक्रीवादळावरील विनोदी भाग मागे घेतले आणि ते २ ऑक्टोबर २०११ रोजी दाखविले. २० मे २०१३ रोजी ओक्लाहोमातील मूर शहरावर टोर्नेडो आला, त्याच रात्री दाखवावयाचा ‘माइक अँड मॉली’ या विनोदी मालिकेचा टोर्नेडोविषयक भाग सीबीएसने रद्द केला आणि दहा दिवसांनी प्रक्षेपित केला. जपानमध्ये ११ मार्च २०११ च्या भूकंप व त्सुनामीनंतर, त्सुनामीच्या दृश्याने सुरू होणारा क्लिंट ईस्टवूड यांचा ‘हिअरआफ्टर’ चित्रपटगृहांतून काढून घेण्यात आला. तांगशानच्या १९७६ मधील भूकंपावर आधारलेला ‘आफ्टरशॉक’ हा चिनी चित्रपट त्याच महिन्यात तेथे प्रदर्शित व्हावयाचा होता, तो २०१५ पर्यंत थांबविला गेला.

दहा दिवस, पाच महिने, चार वर्षे. ही तफावत पाहता काळाचा कोणताही निश्चित मापदंड नाही, हे स्पष्ट होते. तसा तो असूही शकत नाही. शोकाला ठरावीक मुदत नसते आणि ज्याचे मूल वाहून गेले त्याच्यासाठी दहावे वर्षही ‘लवकर’च असते. पुढे ढकलण्याच्या निर्णयाने कृतीत काहीच बदलत नाही, त्याच दृश्यांची तीच मालिका नंतर दाखविली जाते. तरीही असा निर्णय निरर्थक म्हणता येणार नाही. सुतकाच्या दिवसांत शेजारी वाजंत्री थांबवितो, त्याने मृत परत येत नाही. पण शेजाऱ्याने दुःखाची दखल घेतली, हे घरच्यांना कळते. पुढे ढकलणे ही अशा दखलेची कृती आहे. तिचे मूल्य तेवढे, आणि तेवढेच.

काळ हा एकमेव निकष नाही, याचा सबळ पुरावा कॅटरिनाच्याच संदर्भात मिळतो. स्पाइक ली यांचा ‘व्हेन द लेव्हीज ब्रोक’ हा चार भागांचा माहितीपट ऑगस्ट २००६ मध्ये, म्हणजे वर्ष पुरे होण्याच्या आतच, आला. त्यात कल्पित वादळ नव्हते. प्रत्यक्ष वादळ, प्रत्यक्ष पाणी आणि प्रत्यक्ष मृत होते. त्याचा पहिला खेळ न्यू ऑर्लिन्समध्येच, तेथील रहिवाशांपुढे झाला. ‘कॅटेगरी ७’पेक्षा विषय कितीतरी अधिक जवळचा असूनही शोकार्तांनाच तो प्रथम दाखविता आला, याचे कारण दिनदर्शिकेत सापडणार नाही. ते कृतीच्या घाटात आणि तिच्या प्रेक्षकाशी असलेल्या नात्यात शोधावे लागेल.

७. आपत्तिपटाचा घाट

आपत्तिपटाची रचना ठरीव असते. धोक्याची सूचना देणारा एक उपेक्षित शास्त्रज्ञ, ती न ऐकणारा अधिकारी, दुरावलेले पतिपत्नी किंवा पितापुत्र, आणि या सर्वांना एकत्र आणणारे संकट. शेवटी मुख्य पात्रे वाचतात, कुटुंब जुळते, आकाश निवळते. यांतील मृत हे बहुधा समुदायाच्या रूपात येतात. त्यांना नाव नसते, त्यांच्यासाठी कोणी मागे उरत नाही. मृत्यूची संख्या संकटाची भव्यता मोजण्यासाठी वापरली जाते.

आपद्ग्रस्ताला खुपणारी गोष्ट नेमकी ही असावी. वादळ दाखविले, यापेक्षा त्याच्या अनुभवातील प्रधान वस्तू अप्रधान केली गेली, याचा सल अधिक असतो. ‘अप्रधानता’ हेही अभिनवगुप्ताने सांगितलेल्या सात विघ्नांपैकी एक आहे, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. न्यू ऑर्लिन्समध्ये प्रधान वस्तू होती ती बांधांच्या दोषाची, न आलेल्या बसगाड्यांची, गरीब व कृष्णवर्णीय वस्त्यांच्या वाट्याला अधिक आलेल्या पाण्याची. कल्पित सातव्या श्रेणीचे वादळ या साऱ्यावर पडदा टाकते. वादळ पुरेसे प्रचंड केले की, कोणाचीही चूक उरत नाही. उलट किनाऱ्यावर येताना कॅटरिना तिसऱ्या श्रेणीचे होते. शहर बुडाले ते श्रेणीमुळे नव्हे, भिंती फुटल्यामुळे. लीच्या माहितीपटाने शीर्षकातच वादळाऐवजी बांधाचे नाव घेतले, यातील आशय उघड आहे.

हाच मुद्दा मुंबईच्या अनुभवावरूनही पडताळता येतो. कॅटरिनाच्या पाचच आठवडे आधी, २६ जुलै २००५ रोजी, सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि महानगर ठप्प झाले. या घटनेच्या पार्श्वभूमीवरचा ‘तुम मिले’ हा हिंदी चित्रपट नोव्हेंबर २००९ मध्ये, चार वर्षांनी, प्रदर्शित झाला. ‘फार लवकर’ असा आक्षेप घेण्यास तेथे जागा नव्हती. तरीही दुरावलेल्या प्रेमिकांना जवळ आणण्याचे निमित्त म्हणून तो जलप्रलय वापरला गेला, हा प्रश्न उरतोच. काळाचे औचित्य सांभाळूनही प्रधान-अप्रधानाचे औचित्य बिघडू शकते. मराठी कादंबरीत व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तील दुष्काळ याच्या उलट टोकाला आहे. तेथे संकटाला भव्यता नाही. पण ओस पडत जाणाऱ्या गावातील प्रत्येक जाणाऱ्या माणसाला चेहरा आहे.

८. दोन आक्षेपांचा परामर्श

पहिला आक्षेप असा की, संवेदनशीलतेचा हा आग्रह प्रौढ प्रेक्षकाला अजाण ठरवितो. माणसे संकटकाळी संकटकथांकडे स्वतःहून वळतात. २०२० च्या प्रारंभी कोविडची साथ पसरू लागली, तेव्हा साथीच्या रोगावरील ‘कंटेजन’ हा २०११ चा चित्रपट जगभर मोठ्या प्रमाणावर पुन्हा पाहिला गेला. हे खरे आहे. परंतु ते प्रेक्षक त्या चित्रपटाकडे गेले होते, चित्रपट त्यांच्यावर येऊन पडला नव्हता. भीतीला कथेचा आकार मिळावा, ही गरज प्रेक्षकाची असते तेव्हा ती कथा विश्रांती देते. मोजणीच्या महिन्यात वाहिनीची गरज म्हणून ती समोर येते, तेव्हा त्याच कथेचा अर्थ बदलतो. त्यामुळे हा आक्षेप येथील भूमिकेला बाधक नसून पूरकच ठरतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मौन पाळण्याचा आग्रह धरला, तर आपत्तीविषयी बोलणारी कलाच खुंटेल. फ्रिनिकसला दंड करणाऱ्या अथेन्सने एका शोकनाट्याला कायमचे मुकण्याची किंमत दिली. या आक्षेपातील तथ्य मान्य करूनच असे म्हणता येईल की, मौन आणि थेट चित्रण यांच्या दरम्यान बऱ्याच वाटा आहेत. जपानी चित्रपटाने त्या शोधल्या. नोव्हेंबर १९५४ मधील ‘गोजिरा’ने अणुस्फोटाच्या स्मृतीला, आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये किरणोत्सर्गाने बाधित झालेल्या मासेमारी नौकेच्या ताज्या घटनेला, एका राक्षसी प्राण्याचे रूप दिले. २०२२ मधील माकोतो शिनकाई यांच्या ‘सुझुमे’ने २०११ च्या आपत्तीचा विषय उघडपणे हाताळला, पण प्रदर्शनाआधीच चित्रपटात भूकंपाची दृश्ये व इशाऱ्याचे ध्वनी आहेत, अशी सूचना प्रेक्षकांना देण्यात आली. ही सूचना म्हणजे आधुनिक पूर्वरंगच होय. ती कृतीला हात लावत नाही, प्रेक्षकाला मात्र निवडीचा अधिकार परत देते.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) आपत्तीनंतर आपत्तिपट दाखविणे हे आपोआप असंवेदनशील ठरत नाही. ते ठरते किंवा नाही, हे तीन गोष्टींवर अवलंबून असते : प्रेक्षकाला निवडीची संधी होती काय, कृतीच्या घाटात मृतांना व वाचलेल्यांना कोणते स्थान आहे, आणि सादरीकरणाची प्रेरणा कोणाच्या गरजेतून आली.

(२) काळाचे अंतर हा स्वतंत्र निकष नाही. पुढे ढकलणे ही शोकाची दखल घेण्याची एक उचित कृती आहे, परंतु घाटातील दोष ती दूर करू शकत नाही.

(३) आपद्ग्रस्ताच्या बाबतीत अंतराचा अभाव आणि दूरस्थाच्या बाबतीत अंतराचा अतिरेक, असे दोन परस्परविरोधी दोष एकाच प्रक्षेपणातून उद्भवतात. संवेदनशीलतेची चर्चा पहिल्यापुरती मर्यादित ठेवणे अपुरे आहे.

(४) या निकषांवर नोव्हेंबर २००५ मधील ‘कॅटेगरी ७’चे प्रक्षेपण बंदीस पात्र नव्हते, पण असंवेदनशील होते. वादळांचा हंगाम चालू असताना, मोजणीच्या महिन्यासाठी ते योजिले गेले. मानवी दुर्लक्षातून वाढलेल्या संकटाच्या शेजारी त्याने अतिमानुष वादळ उभे केले, आणि ज्यांच्यावर पाणी ओढवले होते त्यांच्याशी त्याला काही बोलावयाचे नव्हते.

(५) बंदी हा या प्रश्नावरचा योग्य उपाय नव्हे. शोकाला जपण्याच्या नावाखाली जबाबदारीची स्मृती पुसली जाण्याचा धोका तीत असतो. सूचना, जाहिरातींवरील संयम आणि आपद्ग्रस्तांना प्रेक्षक म्हणून गृहीत धरणे, हे उपाय अधिक युक्त आहेत.

नाट्यशास्त्रातील ब्रह्मदेवाने क्षुब्ध दैत्यांना जे आश्वासन दिले, ते नाट्य त्यांचेही आहे असे होते. आपत्तीचे चित्रण करणाऱ्या कोणत्याही कृतीची कसोटी अखेर याच आश्वासनाशी निगडित आहे. ज्याचे घर वाहून गेले तो प्रेक्षागृहात बसला आहे, असे समजून ती रचली व दाखविली गेली असेल, तर ती लवकर आली तरी फारसे बिघडत नाही. तो तेथे नाहीच असे समजून ती दाखविली गेली असेल, तर ती कितीही उशिरा आली तरी तिचा दोष कायम राहतो.